मांडीच्या हाडावरचा उंचवटा

खोकं पुण्याहून आलं, सुतळीनं आवळलेलं.
आत भुसा, भुशात दोन वस्तू:
डाव्या मांडीचं हाड एक, दात एक.
दोन्ही प्लास्टरचे साचे.
नर्मदेकडच्या कुणा शिकाऱ्याचे, असं चिठ्ठीत,
आणि नाव असं की जीभ दोनदा ठेचकाळावी.

मी शिरवळच्या जनावरांच्या कॉलेजात
एकवीस वर्षं हाडं उकळतो.
खिलार बैल, म्हशी, एकदा सर्कशीतला उंट.
सोडा घालतो, तवंग काढतो, उन्हात वाळवतो,
तारेनं परत उभे करतो.
आडनाव खंडजोडे. हसायचं ते हसून घ्या.

पुस्तक वाचतो, पण हळू.
हाड अंगठ्यानं वाचतो.
गुळगुळीत जागा, तिथं कुणी राहत नव्हतं.
खरखरीत जागा, तिथं मांस धरून होतं,
जन्मभर ओढत होतं.
विहिरीच्या काठाला दोर घासला की खाच पडते,
हाडाचं उलटं आहे:
ओढलं की ते उंच होतं.

मांडीच्या मागल्या अंगाला, जरा आतून,
अंगठा अडला.
चिंचेच्या बोटुकाएवढा उंचवटा.
बैलाला इथं काही नसतं.
घोड्याला असतो, पण बाहेरच्या बाजूला.
मागून ह्याला कोण ओढत होतं?
मागं तर शेपूट.

लोणंदची रेहाना मुजावर, तिसऱ्या वर्षाची,
डबा खायला माझ्याच टेबलावर बसते, वास सोसते.
म्हणाली, मामा, शेपटी माशा वारायला नव्हती तर.
नव्हती.
पायाचे बैल शेपटीत जुंपलेले होते.
ते ताणले की मांडी मागं,
मांडी मागं की अंग पुढं.

तिनं डब्यातली तंगडी चोखून साफ केली
आणि हाड त्या हाडाशेजारी ठेवलं.
एक बोटाएवढं, एक माझ्या कमरेला लागणारं.
वरचं डोकं दोघांचं सारखंच आत वळलेलं,
खुब्यात काटकोनात बसणारं.
म्हणजे पाय खांबासारखे पोटाखाली,
पालीसारखे बाजूला फाकलेले नाहीत.
पण कोंबडीला तो उंचवटा नाही.
शेपूट गेली, तसं तिथलं बिऱ्हाड उठलं.
आता ती गुडघ्यातून चालते.
हा खुब्यातून चालायचा.

दात मागं वाकलेला, कडेला विळ्यासारखी करवत.
चावायचा आणि मान मागं खेचायचा.
पळायचा किती, मामा?
हाडाची जाडी बघ, म्हटलं,
लांब पल्ल्याचा गडी नव्हे हा.
ओढ्याच्या वळणाला दबा धरायचा,
वीस-तीस ढांगा, त्यात झालं तर झालं.

इतकं ठासून बोललो आणि अंगठा परत अडला.
खाली, गुडघ्याच्या वर,
जिथं कुठलंच मांस धरत नाही तिथं
एक आडवी गाठ.
ही मला ओळखीची.
कारखान्याच्या गाडीखाली आलेल्या एका बैलाला होती,
पुढं चार वर्षं जगला.
मोडलेलं, वाकडं बसलेलं, भरून आलेलं हाड.

रेहानानं वही मिटली.
मग तो खात काय होता?
वीस ढांगा टाकता येईनात तेव्हा?
मेलेलं? दुसऱ्याचं उष्टं?
का कुणी पुढ्यात टाकत होतं?
उकळून, वाळवून, घासून
हाडातनं हे निघत नाही.

खंबाटकीच्या डोंगरात कितीही खणा,
असलं हाड घावायचं नाही.
तिथं सगळा लाव्हा, थरावर थर, काळा.
तो तिकडं लंगडत होता
त्याच सुमाराला इकडं हे उतू चाललं असेल.
नक्की कोण सांगणार.

सकाळी दोन्ही हाडं एकाच तारेला टांगली.
कोंबडीचं वाऱ्यानं हलतं, ते दुसरं हलत नाही.
प्राचार्यांनी चिठ्ठ्या लावायला सांगितल्या.
एका रकान्यात ‘चाल’ होतं.
मी लिहिलं:
खुब्यातून, शेपटीच्या जोरावर.
पेन बंद केलं, परत उघडलं.
डावीकडं जरा लंगडत.