वजनकाटा, जुना बोरामणी नाका

मी गाड्या ओळखतो त्या वजनावरून.
रंग, नंबर, काचेवर लिहिलेलं देवाचं नाव
हे सगळं खिडकीतून दिसतं,
पण लाल आकडे थरथरायचे थांबेपर्यंत
मला काहीच खरं वाटत नाही.

इरण्णा म्हेत्रेची पिकअप, रिकामी सतराशे वीस.
डाव्या फाळक्याला कडी, उजव्याला सुतळी,
हौद्याच्या पत्र्याला असले पोचे
की पाणी ओतलं तर चिमण्या न्हातील.
सकाळी अक्कलकोट रोडवरून टॉवेलचे गठ्ठे,
दुपारी मार्केट यार्डात कांदा,
एकदा मागाचा बीम, तिरका, लाल फडकं बांधून,
एकदा बँडवाल्यांचा ढोल
आणि ढोलाला टेकून झोपलेला ढोलवाला.
एकदा रात्री दोनला, सिव्हिलला न्यायची कुणी बाई.
तेव्हा तो काट्यावर थांबला नाही,
मीही हात केला नाही.

मे महिन्यात, पत्र्याला हात लागत नव्हता अशा दुपारी
एक नवी गाडी आली.
पिकअपच म्हणायची, मागं हौदा होता म्हणून.
काळी. चढायला पायरी, पायरीला दिवा.
हौद्यात रबर अंथरलेलं, ओरखडा नाही,
वरून झाकण, झाकणाला कुलूप.
“आत काय?”
“काही नाही.”
श्रीनिवास गुंडला, टॉवेलचा कारखाना, माल बाहेरदेशी जातो.
“किती भरते बघायची होती. सहज.”
दोन हजार साठ.
पोरगं अंगानं भरलंय असं कुणी सांगावं
तसा तो हसला.
“काय वाहता हो हिच्यात?”
“मलाच,” म्हणाला.

मागं रांगेत इरण्णा.
उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली,
टायरवर तळहात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.
“हिच्यात कांदा भरायचा तर आधी चपला काढायला लागंल की हो.”
मग काचेला नाक लावून, जरा हळू,
“आत गार असंल, नाही?”
त्याच्या पाठीवर शर्टाला मिठाचा नकाशा.

आठेक दिवसांनी, रात्री साडेनवाला, तीच गाडी.
झाकण उघडं.
हौद्यात म्हातारा, मांडी घालून,
खाली घडी केलेली चादर, कडेला धरलेला हात.
नरसय्या. सत्तावीस वर्षं दुसऱ्याचा टेम्पो हाकलेला.
“नान्ना, आता तरी आत चला,” मुलगा म्हणतोय,
आणि मला म्हणतोय, “ऐकतच नाहीत,
म्हणतात हौदा रिकामा न्यायचा नसतो.”

दोन हजार एकशे दहा.
माझा काटा पाचाच्या पटीत बोलतो,
दोन-तीन किलो इकडंतिकडं
त्याला ऐकू येत नाहीत.
“किती?” म्हातारा वरूनच वाकला.
“पन्नास.”
तो थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिला.
“दोन टनाची गाडी, पन्नास किलो माल.
भाडं परवडायचं नाही बे तुला, ड्रायव्हर.”

चिठ्ठीवर एक रकाना असतो, माल.
मी पेन टेकवून थांबलो.
शाईचा ठिपका मोठा झाला.
मुलानं पाकीट काढलं, म्हाताऱ्यानं मान डोलावली,
काट्याचे पैसे ड्रायव्हरनंच द्यायचे असतात.

मग ती गेली, वीसच्या वर नाही.
नाक्यापासून पुलापर्यंत अकरा खड्डे आहेत,
मी मोजलेत, काम नसतं तेव्हा.
अकराही खड्ड्यांशी तिचे मागचे दिवे
लाल झाले, विझले, लाल झाले.
अंडी भरलेली गाडी अशी चालवतात.

इरण्णानं हॉर्न दिला.
कांदा. तीन हजार दोनशे दहा.