चिलर

धहरान, ऑगस्ट, रात्रीचे दोन.
बाहेर अजून चौतीस, खिडकीच्या काचेला बाहेरून घाम.
लेझरचा चिलर पुन्हा कुरकुरतोय
म्हणून नझीर मुकादम आलेत, बाणकोटचे,
हातात पाना, गळ्यात ओला पंचा.

"काय शिजवताय एवढं?"
मी बाटली उजेडात धरते:
कॅडमियम सेलेनाइडचे कण, पातळ आगळासारखे लाल.
एकेका कणात अणू जेमतेम काही हजार.

निळ्या ठिणगीने इलेक्ट्रॉन उडतो
गरजेपेक्षा फारच वर,
आणि मग त्याला उतरणं भाग असतं.
मोठ्या स्फटिकात घसरगुंडी असते,
जाळीला धक्के देत, थरथर वाटत तो खाली येतो.
एवढ्याशा कणात घसरगुंडी कुठली,
पायऱ्या.
आणि त्या इतक्या उंच
की जाळीची एक थरथर एका पायरीला पुरत नाही.
म्हणजे तो वर अडकायला हवा.
प्रस्तावात मी तसंच लिहिलं होतं. पैसेही मिळाले.

अडकत नाही.
पिकोसेकंद भरायच्या आत रेघ कोसळते पडद्यावर,
आज सहाव्यांदा.

"मग ताप जातो कुठे?"
हा त्यांच्या धंद्यातला प्रश्न.
मुकादमांच्या लेखी गारवा अशी वस्तूच नाही जगात;
इथला ताप उचलायचा
आणि कुणाच्या तरी दारात नेऊन टाकायचा.

मी सांगते:
तो जिथून उडाला तिथे रिकामी जागा उरते.
तीही त्याच कणात हिंडते, त्याच्याहून जड,
तिच्या पायऱ्या मात्र दाट, बुटक्या.
हा आपला सगळा ताप
एका फटक्यात तिच्यावर टाकून मोकळा होतो.
उतरते ती. भराभर, त्याच्या वाटचं.

मुकादम पाना पुसत राहतात,
पुसून झाल्यावरही.
"शुक्रवारी घरी फोन करतो ना,
फोरमनचं सगळं हमिदावर निघतं.
ती नुसतं हूं हूं करते. मला झोप लागते.
तिचं पुढे काय होतं
हे एकवीस वर्षांत विचारलं नाय."

पंप धरतो. पाणी वीस अंशांवर येऊन थांबतं.
सहीच्या कागदावर त्यांच्या अंगठ्याचं तेल.

दुसऱ्या बाटलीतले कण जाड कवचाचे.
इलेक्ट्रॉन गाभ्यात, रिकामी जागा दूर कवचात,
एकमेकांना हात पोचू नये अशी
मी मुद्दाम घडवलेली ताटातूट.
शटर उघडते.

खाली, कंडेन्सरच्या गरम झोतात
मुकादम उभे आहेत, फोन कानाला.
बाणकोटला आता पहाटेचे पाच, हमिदा उठली असेल.
ओठ हलत नाहीत त्यांचे. ऐकतायत,
की रिंगच जातेय अजून,
इथून कळत नाही.

पडद्यावर रेघ वरच आहे.
पिकोसेकंद गेला, दहा गेले, शंभर.
उतरत नाही.
हेच हवं होतं मला.
मी तारीख लिहिते, आणि थोडा वेळ
पुढचं बटण दाबत नाही.