जागा नमूद नाही

डॉक्टर फेल्डकँपनी एकच शब्द लिहिलाय: युरोसेप्सिस.
ऐकायला भारदस्त,
पण आमच्या कोडांच्या पुस्तकात त्याला घर नाही.
सूचीत बोट फिरवत गेलं की
एवढंच हाती लागतं: डॉक्टरांना विचारा.

मी लोर्ना त्वेट. डुलुथच्या इस्पितळात, तळघरात,
खिडकीच्या काचेला अर्ध्यापर्यंत फेब्रुवारीचा बर्फ.
एकोणीस वर्षं लोकांच्या दुखण्यांना
अक्षरं नि आकडे चिकटवते आहे.
माणूस बघायचा नसतो.
कागद बघायचा.

कागद सांगतो:
ऑर्व्हिल सुंडक्विस्ट, वय एक्याऐंशी,
लोहखनिजाच्या बोटीवर बत्तीस वर्षं आचारी.
लघवीला जळजळ, सहा दिवस अंगावर काढली.
(अंगावर काढण्याला कोड नाही.
असता, तर या गावात
तोच सगळ्यात जास्त वापरला गेला असता.)
ताप एकशे दोन. बोलणं तुटक.
कल्चरमध्ये ई. कोलाय, लाखाच्या वर.

आता दोन वाटा.
सेप्सिस म्हटलं, तर बिल दुप्पट चढतं.
नुसता संसर्ग म्हटलं, तर एन एकोणचाळीस पॉइंट शून्य:
मूत्रमार्गाचा संसर्ग, जागा नमूद नाही.
वरच्या मजल्यावरून ग्रेचन ओबर्ग फोन करते,
हवापाण्याचं बोलते, तलाव कुठवर गोठला ते विचारते,
आणि ठेवता ठेवता म्हणते,
"ती सुंडक्विस्टची फाईल, नीट बघ हं."
नीट म्हणजे काय, ते मला कळतं.
मला कळतं हे तिलाही कळतं.

मी डॉक्टरांना प्रश्न पाठवते.
त्यात उत्तर दडवायचं नसतं, हा नियम.
नाडी लिहायची, पांढऱ्या पेशी लिहायच्या, रक्तदाब लिहायचा,
आणि मग बाजूला होऊन उभं राहायचं,
पंगतीत वाढून झाल्यावर
कोण काय खातंय ते न बघता.

एक दिवस जातो. उत्तर नाही.
दुसऱ्या दिवशी फाईल पुन्हा चाळताना
रात्रपाळीच्या मारिटची नोंद सापडते, तीन चाळीसची:
"रुग्ण जागा. म्हणतो, घरी एकटाच असतो.
बाथरूमचा दिवा रात्रभर सुरू ठेवतो.
कुणीतरी उठून गेलंय,
आत्ता येईल, असं वाटत राहतं."

तीनदा वाचते.

नर्सच्या शब्दावरून रोग लिहिता येत नाही.
ताप नाही, खडा नाही, साधी जळजळसुद्धा नाही.
त्याला डॉक्टरच हवा.
पण पुस्तकात मागे, झेडच्या पानांवर,
थोडी सूट आहे:
माणूस कसा राहतो, कुणाबरोबर राहतो,
हे कुणीही शुश्रूषा करणाऱ्यानं लिहिलं तरी चालतं.
म्हणजे या सबंध म्हाताऱ्यातलं
डॉक्टरला न विचारता मला उचलता येईल
असं एवढंच होतं.

झेड साठ पॉइंट दोन. एकटं राहण्याच्या अडचणी.

याला दर नाही. बिल एका सेंटनंही हलत नाही.
बारा ओळींच्या खाली तेरावी,
विमेवाल्याचं बोट तिथवर पोचत नाही.
तरी टाकते.

चारच्या सुमारास फेल्डकँपचं उत्तर येतं,
दोन वाक्यं, विरामचिन्हांशिवाय:
सेप्सिस नाही लघवीचा संसर्ग आहे
ग्रेचनचा फोन येईल. येऊ दे.
एन एकोणचाळीस पॉइंट शून्य वर चढवते,
त्याच्या खाली जंतूचं नाव,
आणि फाईल बंद करते.

पुढची फाईल.
बाई, वय चव्वेचाळीस, सोबत नवरा आणि बहीण.
मूतखडा, सहा मिलिमीटर, डाव्या बाजूला, खालच्या टोकाशी.

इथं जागा नमूद आहे.