बाहेरून आत

यल्लाप्पा धोत्रे वाघोलीच्या खाणीतून
दोन-तीन महिन्यांनी यायचा, खताच्या पोत्यात दगड घेऊन.
कॉलेजमागच्या शेडमध्ये माझी करवत,
हिऱ्याच्या कडेची, तिच्यावर पाण्याची संथ धार.
दगड बाहेरून बटाटा. तसाच खरबरीत, मातकट.
कापला की अकीक. वळसे, वळशांत वळसे.

सर मुलांना सांगायचे ते ऐकून मला पाठ:
लाव्हा निवताना बुडबुडे अडकले,
वायू गेला, पोकळी राहिली.
मग पाणी. कातळाच्या केसाएवढ्या भेगांतून
गारगोटीचा अंश विरघळवून आणणारं.
भिंतीला एक थर देतं,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
आणि थांबतं.
मग पुन्हा.
किती वेळ थांबतं?
इथे सरही खडू खाली ठेवायचे.

झाड आतून बाहेर वाढतं.
हा उलटा. जुनं ते सालीशी,
कोवळं ते मधोमध.
आणि कधी मध भरतच नाही,
स्फटिकांचे दात विचकून
तिथला अंधार तसाच बसून राहतो.

रंग म्हणाल तर भेसळ.
नुसती गारगोटी म्हणजे ताकावरची निवळी.
लोखंड आलं तर विटकरी, गंजाचं, मधासारखं,
ज्या थराला जे मिळालं ते.
"मळलं म्हणून देखणं झालं," यल्लाप्पा म्हणायचा,
स्वतःच्या हातांकडे न बघता.

एकदा त्यानं एकच आणला, मुठीत मावेल एवढा.
माझ्या कानाशी धरून हलवला.
आत पाणी हिंदकळलं. बारीक, एकदाच.
"वाजतंय?" केवढ्यांदा विचारलं त्यानं!
तीस वर्षं सुरुंगाच्या वाती पेटवून
कान कधीच गेलेले.
त्याला ते तळहाताला कळलं होतं.

पाणी तेव्हाचं, की गेल्या आषाढातलं?
सर म्हणाले, सांगता येत नाही,
दगड दिसतो तेवढा बंद नसतो.

मी पेन्सिलीनं खूण केली, करवत लावली,
आणि बंद केली.
"कसं वाजतं पण?"
हंड्याच्या तळाशी उरतं ना, तसं,
मी ओरडून सांगितलं. दोनदा.
तिसऱ्यांदा त्याला पोचलं.
हसला. "म्हणजे टँकरची वेळ झाली,"
आणि दगड फडक्यात गुंडाळून
सायकल काढायला गेला.