पुढचा एक्सल

तीन महिने झाले, ट्रक ठोकळ्यांवर आहे.
पुढची चाकं काढलेली, नाकाड वर,
दातांच्या डॉक्टरपुढे आ करून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
छप्पन सालचा फोर्ड. मूळ रंग हिरवा,
आता जिथे जसा उरला तसा.

ओनेसिमो कुंपणापलीकडून ओरडतो: काप!
काढून टाक तो घडीव पोलादाचा दांडा.
दोन चाकं एका जोखडाला जुंपलेली,
एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला शिक्षा.
स्वतंत्र सस्पेन्शन बसव,
ज्याचा खड्डा त्याने भोगावा.
त्याने स्वतःच्या गाडीला बसवलंय, लोण्यासारखी चालते.
(त्याचे दोन्ही मुलगे अल्बुकर्कीत असतात,
एकमेकांशी बोलत नाहीत.
ते वेगळं.)

भाच्याचं, अदानचं, तिसरंच काही.
भंगारातल्या पोलीसगाडीचं पुढचं धड अख्खं उचलायचं,
ब्रेक, स्टिअरिंग, सगळं आयतं,
फार तर तीनशे डॉलर.
फक्त चाकं फेंडरबाहेर दोन बोटं डोकावतील.
"कोण बघतंय, मामा?"
मी बघतोय.

मी कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडतो.
जानेवारी संपला, फेब्रुवारीवर लिहितो.
वेल्डिंग माझं मला येतं,
पण चासी कापणं म्हणजे केस कापणं नव्हे,
चुकलं तर वाढत नाही.

आणि हा दांडा मला तोंडपाठ आहे.
मी नऊ वर्षांचा असताना मोऱ्याच्या वळणावर
एल्क आडवं आलं. दांडा वाकला.
बापाने कॉटनवुडच्या बुंध्याला साखळी बांधली,
जॅक लावला, आणि दोन दिवस
शिव्या देत देत त्याला थंडच सरळ केला.
तापवायचा नाही, म्हणाला,
तापवलेलं लोखंड विसरतं.
पुरता सरळ झाला नाही तो.
तेव्हापासून ट्रक उजवीकडे ओढतो,
आणि आम्ही चौघं भावंडं
स्टिअरिंग डावीकडे धरूनच गाडी शिकलो.
अजूनही कुणाची नवी गाडी हातात आली
की मी मधल्या पिवळ्या रेघेकडे सरकतो.

हे सगळं करतोय ते लिओकादियासाठी.
मागच्या वर्षी तिच्या पाठीचे दोन मणके जोडले.
ताओसच्या दवाखान्याला जायचं तर
नऊ मैल रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा,
ती दाराची कडी धरून गप्प बसते.
तो गप्पपणा मला इंजिनाच्या आवाजावरून ऐकू येतो.

काल रात्री तिला सगळं समजावलं.
दिवा खाली धरून दाखवलं: हे पाटे, ही किंगपिन,
इथे कापायचं, इथे नवा आडवा पट्टा,
मग प्रत्येक चाक आपापलं.
ती शालीत हात घालून ऐकत होती.
मग म्हणाली,
"पुढचं मला काय विचारतोस?
दुखतं ते सीटमुळे. उजवीकडची तिसरी स्प्रिंग.
ब्याऐंशी सालापासून सांगतेय."

मी कॅलेंडरकडे पाहिलं.
त्यावर सीट कुठेच नव्हती.

आज ओनेसिमोला सांगितलं, दांडा राहतोय.
डिस्क ब्रेक घालीन, नव्या किंगपिन घालीन,
आठांतले चार पाटे उतरवीन.
तो हसला. हसू दे.
उजवीकडचा ओढा जाईल की नाही ठाऊक नाही.
जावा असं वाटतं का, तेही नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी मी खाली उताणा,
डोळ्यांत गंजाची भुकटी,
आणि ती वर चढून बसली, जपून, एकेक पाय घेत.
उजवा पाटा कुरकुरला, दबला.
डाव्याने केसभर मान उचलली,
दांड्याने दोघांना धरून ठेवलं.

"कुठली म्हणालीस?"
"इथे," ती म्हणाली, आणि टाच आपटली.
मी खालून, आवाज आला तिथे,
खडूने फुली मारली.