नऊ दिवसांनी

रुवैसला रात्री दोननंतर पाइपांचे फोटो काढतो आम्ही,
वेल्डिंगच्या पोटात तडा आहे का, एवढंच बघायचं.
त्या रात्री गोळी परत डब्यात गेलीच नव्हती
आणि इलियास मुकादमने नळी हातानं सोडवली.
अर्धं मिनिट. मोजलं तर तेवढंही नसेल.

चटका नाही. वास नाही.
"काय नाय रे," म्हणाला,
आणि आम्ही कुबूस-डाळ खाल्ली.

नवव्या दिवशी बोटं लाल झाली,
उन्हानं होतात तशी, पण आतून.

कुरियन डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढले.
हिला किरण लागला, म्हणाल्या,
हिच्या गाभ्यातला धागा तुटला.
मरण्याआधी ती ओरडते, रसायनांत.
आणि ही शेजारची. हिला काहीच लागलेलं नाही.
तरी ऐकून सुजते.

मी गोलांकडे बघत राहिलो.

खोलीत आम्ही आठ जण, दोन मजली खाटा.
इलियास हात उशीवर उंच ठेवून झोपतो,
दापोलीला फोनवर सांगतो: चहा सांडला, थोडं भाजलंय.

त्या रात्री मी दोरीपलीकडे होतो.
माझा बिल्ला कोरा आला, सहीशिक्क्यासकट शून्य.
"आली आत" असं मात्र मीच ओरडलो होतो,
मीटरकडे न बघता.

एसी घरघरतोय.
अंधारात मी उजवी मूठ मिटतो, उघडतो.
सकाळपासून अंगठी निघत नाहीये.