हातचा एक

उद्यमनगरात सोमवारी लेथ थांबतात.
त्या दिवशी मी दुपारीही बसते.
एरवी पहाटे साडेचार ते सहा,
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी यायच्या आत.

तीन वर्षं मी मशीनला जी-कोड भरवते.
दुसऱ्याने लिहिलेली ओळ आत टाकायची,
दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं.
एकदा टूल सरळ चकमध्ये घुसलं.
भूपाल मिस्त्री म्हणाले, ओळ चुकली असंल.
ओळ चुकली नव्हती. चारदा वाचली होती मी.
मग ओळीच्या खाली काय असतं
हा प्रश्न रिकाम्या डब्याबरोबर घरी आला.

भावाच्या इंजिनिअरिंगचा जुना लॅपटॉप,
बिजागरी तुटलेली, पडदा भिंतीला टेकवून ठेवायचा.
राजारामपुरीतून झेरॉक्स करून आणलेलं पुस्तक,
दोनशे बारा पानं, त्यातली दोन कोरीच निघाली.

पहिला महिना नुसती बेरीज.
एक आकडा या कप्प्यात ठेव,
दुसरा त्या कप्प्यात,
मिळव, आणि थांब.
पडद्यावर काही उमटत नाही.
वहिनी विचारते, काय करतेस गं एवढ्या पहाटे?
बेरीज, मी म्हणते.
मोबाईलवर होत नाही व्हय?
होते की.

वहीत मात्र रोज तारीख.
१४ ऑगस्ट. उडी चुकली. प्रोग्राम तिथंच गरगरत राहिला, पंखा तापला.
१५. सुट्टी, झेंडा, तीच चूक.
१६. एकापासून मोजलं. शून्यापासून मोजायचं.
१७. तेच.
१८. तेच. पण आज माझं मलाच सापडलं.
२३. पाच दिवस ताप. सगळं विसरले असेन वाटलं.
बोटं विसरली नव्हती.

मग एके पहाटे
दोनशे पंचावन्नमध्ये एक मिळवला.
आठ बिटांचा कप्पा, आठही घरांत दिवे,
आणि उत्तर आलं शून्य.
मी मशीनला शिवी दिली. खरं सांगते, दिली.
पुन्हा केलं.
शून्य.
एवढं सगळं भरलेलं, एका एकाने
जातं कुठं?

पान एकशे चाळीसवर होतं.
कप्पा भरला की जास्तीचा एक
शेजारच्या एका बिटात जाऊन उभा राहतो.
विचारलं तर सांगतो.
नाही विचारलं तर पुढची बेरीज येते
आणि तो पुसला जातो.

अगं बाई, हातचा!
पाचगावच्या शाळेत हणबर गुरुजी
करंगळी मुडपून ठेवायला लावायचे.
हातचा एक, इसरू नकोस पोरी.
काळ्या पडद्यासमोर एकतीस वर्षांची मी
करंगळी मुडपून बसले.
चहा उतू जाऊन शेगडी विझली, वास आला तेव्हा कळलं.

दहावीनंतर घरात एकाचीच फी भरता येणार होती.
भावाचं नाव आधी आलं.
मी शेजारी उभी होते.
कुणी वाईट वागलं नाही, हेही लिहून ठेवते.
पुढची बेरीज आली एवढंच.

मिस्त्रींना सांगितलं,
ते टूल का घुसलं, अजून कळलेलं नाही.
ते बिडाच्या कास्टिंगवरून हात फिरवत होते.
म्हणाले, आत हवा राहिलीय का
ते वरनं दिसतंय होय?
तासत जायचं. लागलं भोक तर लागलं.
मग माझ्याकडे न बघता,
तुझं ते काय चाललंय, ते तासत ऱ्हा.

९ ऑक्टोबर.
सोळा बिटं. दोन कप्पे शेजारी शेजारी.
खालच्याचा हातचा वरच्याला द्यायचा.
सहा वेळा चुकलं,
सातव्यांदा खाली शून्य, वर एक.
दोनशे छप्पन्न.
बाहेर किटल्यांचा आवाज सुरू झाला होता,
घरात कुणी उठलं नव्हतं.
करंगळी सोडली.